दोन क्लब, एक हार्ड डिस्क

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी पास व्हायचा एक पेपर होता. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर दोष मराठी विभागाच्या संपादकांना द्या. त्यांनीच रोज मेसमध्ये गाठून हा लेख माझ्याकडून लिहून घेतला!

मला निबंध लिहिता येत नाही, पण जर्नल लिहिता येतं. तीन वर्षांत दुसरं केलंय काय? म्हणून हा लेखही प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखाच मांडतो.

उद्देश

ओपन सोर्सचा प्रचार करणारे दोन क्लब एकाच कॉलेजात एकमेकांशी भांडू लागले तर काय होतं, याचा अभ्यास करणे.

साहित्य

क्लब दोन. पैकी एक आमचा. आमचा क्लब जुना. आमचं सगळं लक्ष लिनक्सवर, टर्मिनलवर आणि तत्त्वावर. सॉफ्टवेअर 'मुक्त' असलं पाहिजे, म्हणजे ते वापरायचं, त्याचा कोड वाचायचा, बदलायचा आणि वाटायचा हक्क प्रत्येकाला हवा, असं आम्ही फर्स्ट इयरच्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. समोरचा क्लब चार-पाच वर्षांपूर्वी निघाला. त्यांचा भर वर्कशॉप, हॅकेथॉन, स्टिकर आणि प्लेसमेंटवर. ते 'ओपन सोर्स' म्हणतात, आम्ही 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणतो. खरं तर बहुतेक वेळा दोघं एकाच कोडबद्दल बोलत असतात. फ्री सॉफ्टवेअरची चळवळ १९८०च्या दशकातली, आणि 'ओपन सोर्स' हा शब्द १९९८ साली पुढे आला. त्याचं एक कारण म्हणजे इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की लोकांना 'फुकट' वाटतं. मराठीत ही अडचणच नाही, कारण आपल्याकडे 'मुक्त' वेगळा आणि 'मोफत' वेगळा. हे मला कॉन्व्हेंटमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, क्लबमध्ये कळलं.

पण आमची भांडणं एवढ्या वरच्या पातळीवरची कधीच नव्हती. लॅब शनिवारी कोणाला मिळणार, नोटीस बोर्डावर कोणाचं पोस्टर कोणाच्या पोस्टरवर चिकटलं, फर्स्ट इयरची किती मुलं कोणाकडे गेली, यावरून व्हायची. आम्ही उबुंटू टाकून द्यायचो, ज्यात ग्नोम हा डेस्कटॉप येतो. ते फेडोराची केडीई असलेली आवृत्ती द्यायचे. मग यावरूनही मेसमध्ये ताटं थंड होईपर्यंत वाद.

बाकी साहित्य : पेन ड्राइव्ह बारा, एक्स्टेन्शन बोर्ड चार, आणि एक जुना लॅपटॉप. त्या लॅपटॉपबद्दल पुढे येईलच.

कृती

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. हॉस्टेलमध्ये जुने लॅपटॉप भरपूर. त्यातल्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ चालत नाही, कारण त्याला टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीपासून पुढचे प्रोसेसर लागतात. म्हणजे चांगली चालणारी मशीन्स, पण सुरक्षेचे अपडेट बंद. अशा मशीनना लिनक्स हा खरोखरच चांगला उपाय आहे. दोन्ही क्लबांनी ११ ऑक्टोबरचा शनिवार धरला. एकाच दिवशी, समोरासमोरच्या दोन लॅबमध्ये. मेसच्या बोर्डावर कोणीतरी खडूने दोन रकाने आखले आणि दर तासाला आकडे लिहू लागलं. क्रिकेटचा स्कोअर असावा तसं.

साडेचारला आमचे ४६ आणि त्यांचे ४८. पाचला लॅब बंद होणार होती.

तेवढ्यात डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेला एक मुलगा आला. हॉस्टेलमध्ये नावापेक्षा गाव चालतं, म्हणून त्याला इथे लातूर म्हणू. त्याच्याकडे त्याच्या ताईचा सहा-सात वर्षांचा लॅपटॉप होता. तो म्हणाला, "दादा, फक्त डी ड्राइव्हला हात लावू नका हं. ताईच्या नोट्स आहेत." मी म्हणालो, "टेन्शन नको घेऊ."

इन्स्टॉलर तीन पर्याय देतो. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाका, संपूर्ण डिस्क पुसून लिनक्स टाका, किंवा सगळं हाताने ठरवा. पहिल्या पर्यायात आधी विंडोजची जागा आकसून घ्यावी लागते. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला वेळ लागतो आणि माझ्याकडे वेळ नव्हता. दुसरा पर्याय झटपट होतो. माझ्या डोक्यात असं पक्कं की सी म्हणजे एक डिस्क आणि डी म्हणजे दुसरी. आपण सी पुसतोय, डी बाजूला राहील. इन्स्टॉलरने इशारा दिला होता. स्क्रीनवर एकच डिस्क दिसत होती, तीही मी पाहिली होती. तरी मी 'पुढे' दाबलं.

पाचला आमचे ५० झाले. त्यांचे ५१. आम्ही हरलो आणि मी त्याच गोष्टीवर चरफडत रूमवर गेलो. लॅपटॉपवर अपडेट चालू होते. ते तसेच चालू ठेवून लातूर तो रूमवर घेऊन गेला.

रात्री नऊला तो दारात उभा. "दादा, डी कुठंय?"

निरीक्षण

इथे थोडी थिअरी. सी आणि डी ही बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कवरची दोन पार्टिशन असतात. एका घराच्या दोन खोल्या म्हणा. घर पाडलं की दोन्ही खोल्या गेल्या. 'संपूर्ण डिस्क पुसा' म्हणजे घर पाडणं. सेकंड इयरला ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालोय, आणि हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी बरोबर लिहिलं असतं. फरक एवढाच की परीक्षेत मेसचा बोर्ड समोर नसतो.

आता नोट्सबद्दल. लातूरची ताई तीन वर्षं एमपीएससीचा अभ्यास करतेय. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा २८ सप्टेंबरला व्हायची होती, ती पूरस्थितीमुळे ९ नोव्हेंबरला ढकलली गेली. त्याच पावसात त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. ताईच्या वह्या आणि प्रिंट भिजून गेल्या. उरलं ते या डी ड्राइव्हवर. दिवाळीला घरी जाताना तो ते पेन ड्राइव्हवर नेणार होता. हे सगळं त्याने मला रात्री नऊला सांगितलं, कारण चार वाजून तीस मिनिटांनी मी विचारलंच नव्हतं.

आमच्या क्लबमध्ये डेटा परत काढण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. समोरच्या क्लबमध्ये एकाला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला कोल्हापूर म्हणू. त्याच्याशी मी दीड महिना बोलत नव्हतो, कारण आमचं पोस्टर त्याने काढलं असा माझा संशय. त्याच्या ब्लॉकच्या जिन्यात मी दोनदा वर गेलो आणि दोनदा खाली आलो. तिसऱ्यांदा दार वाजवलं.

मी काय झालं ते सांगितलं. त्याने एकच विचारलं, "मशीन चालू आहे की बंद?" मी म्हणालो चालू, अपडेट होतायत. तो चप्पल घालतच म्हणाला, "भावा, भांडण उद्या करू. आधी ते बंद कर."

त्याने जे केलं ते इथे क्रमाने लिहितो, कारण कधी तरी तुमच्यापैकी कोणाला लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे त्या डिस्कवर आणखी काही लिहिलं जाऊ न देणं. डिस्क पुसली म्हणजे जुना मजकूर लगेच नाहीसा होत नाही. पार्टिशनचा तक्ता नवा लिहिला जातो, नव्या फाइल सिस्टिमचे छोटे छोटे तक्ते डिस्कभर पडतात आणि लिनक्सच्या फाइल काही भागात बसतात. बाकी जागेवर जुने बाइट तसेच असतात, फक्त त्यांचा पत्ता कोणाकडे नसतो. जेवढा वेळ मशीन चालू, तेवढी त्यांच्यावर नवीन लिहिलं जाण्याची शक्यता जास्त. माझे ते अपडेट म्हणजे जखमेवर मीठच होतं.

दुसरी गोष्ट, मूळ डिस्कवर प्रयोग करायचा नाही. लॅबमधल्या काकांना फोन केला. त्यांनी काही न विचारता स्वतःची दोन टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणून दिली. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यूने सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत घेतली. एक टीबीला जवळजवळ चार तास लागले. यापुढचं सगळं काम प्रतीवर.

तिसरी गोष्ट टेस्टडिस्क. हे हरवलेली पार्टिशन शोधतं. डीचा माग लागला, पण आतली फाइलांची यादी मोडलेली होती. म्हणून चौथी गोष्ट, फोटोरेक. नावात फोटो असला तरी ते फक्त फोटो शोधत नाही. बऱ्याच प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक बाइटनी होते. फोटोरेक यादीकडे न बघता सगळी डिस्क वाचत जातं आणि अशा खुणा ओळखून फाइल उचलतं. तोटा असा की मूळ नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. नावाच्या जागी एफ हे अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा.

टेस्टडिस्क, फोटोरेक, डीडीरेस्क्यू हे तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. आम्ही दोन्ही क्लब ज्याचा प्रचार करतो म्हणतो, ते खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं ते त्या रात्री, आणि तेव्हा कोणी आकडे मोजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेकडो निनावी फाइल समोर होत्या. त्या उघडायच्या, वाचायच्या आणि विषयाप्रमाणे लावायच्या. कॉमन रूममध्ये दोन्ही क्लबचे मिळून अकरा जण बसलो. तीन रात्री. माझी स्थिती सगळ्यात वाईट. मराठी वाचायला मला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. 'घटनादुरुस्ती' नावाच्या नोट्स मी 'चालू घडामोडी'त टाकल्या, कारण घटना म्हणजे इव्हेंट एवढंच मला ठाऊक! कोल्हापूर इतका हसला की वॉर्डन सर बघायला आले. मग तेही खुर्ची ओढून बसले आणि भूगोलाच्या फाइल लावू लागले.

ताईच्या अंदाजाने नोट्सच्या २६० फाइल होत्या. आम्हाला २१२ नीट मिळाल्या. अर्थव्यवस्थेचा जवळजवळ सगळा भाग गेला. मी स्वतः फोन करून ताईंना सांगितलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "काय काय राहिलं त्याची यादी पाठव. तेवढं परत काढते." एवढंच. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. परीक्षेचं पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. ते त्यांचं आहे, माझ्या लेखात वापरायचं नाही.

सिद्धान्त

जर्नलमध्ये थिअरी प्रयोगाच्या आधी लिहितात. मी ती प्रयोगानंतर वाचली, म्हणून इथेही नंतरच. क्लबांची आणि गटांची अशी चुरस दुसरीकडे कशी चालली, हे शोधलं तेव्हा तीन उदाहरणं सापडली.

पहिलं, अमेरिकेतलं बर्कली. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थ्यांचे दोन संगणक गट होते. एक्ससीएफ १९८६चा, ओसीएफ १९८९चा. दोघांची कामं मात्र वेगळी. ओसीएफने सगळ्या विद्यार्थ्यांना खुली लॅब आणि संगणकाच्या सोयी द्यायच्या. एक्ससीएफमधली मुलं प्रयोग म्हणून नवे प्रोग्राम लिहायची. त्यातल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोघांनी १९९५ साली कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून जिम्प लिहायला घेतलं. आपल्या फेस्टची अर्धी पोस्टर ज्यात बनतात तेच जिम्प! त्यासाठी आधी ते मोटिफ नावाचं टूलकिट वापरत होते, पण ते मुक्त नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःचं जीटीके लिहिलं. पुढे त्याच जीटीकेवर ग्नोम उभा राहिला. एका कँपसवर दोन क्लब असणं चुकीचं नाही. दोघांनी तेच काम करून फक्त डोकी मोजणं चुकीचं.

दुसरं, आमच्या मेसमधलं कायमचं भांडण. केडीईची घोषणा माथियास एट्रिच या जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या विद्यार्थ्याने १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केली. (तारीख पाहिलीत? विंडोज १० ज्या तारखेला निवृत्त झालं तीच.) केडीई ज्या क्यूटीवर बांधलं, त्याचा परवाना त्या वेळी मुक्त नव्हता. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केला. चुरस कडवट होती, शब्दही कडवट होते. पण परिणाम काय झाला? सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली आलं. त्याच वर्षी फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू झाला, जिथे दोन्ही बाजूंनी मिळून सामाईक नियम ठरवावेत. प्रोग्रामना एकमेकांशी बोलायला लागणारं डी-बस हे पुढे दोघांनीही घेतलं. २००९ साली स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर दोघांच्या वार्षिक परिषदा एकाच ठिकाणी भरल्या. डेस्कटॉप आजही दोन आहेत, आणि असावेतही. पण एकाचा प्रोग्राम दुसऱ्यात चालतो.

तिसरं उदाहरण उलटं आहे. हॅक्टोबरफेस्ट २०१४ साली सुरू झाला. ओपन सोर्स प्रकल्पांना ऑक्टोबर महिन्यात ठरावीक बदल पाठवायचे आणि टी-शर्ट मिळवायचा. कल्पना चांगली. पण २०२० साली चार बदल पाठवले की टी-शर्ट, म्हणून लोकांनी निरर्थक बदलांचा पाऊस पाडला. कुठे एक शब्द वाढव, कुठे एक स्पेस. त्यात आपल्या देशातले विद्यार्थीही बरेच होते. प्रकल्प सांभाळणारी माणसं फुकट वेळ देतात, त्यांचा तो वेळ कचरा काढण्यात गेला. शेवटी ३ ऑक्टोबर २०२०ला नियम बदलला आणि जे प्रकल्प स्वतः हो म्हणतील त्यांच्यातलेच बदल धरायचं ठरलं. टी-शर्ट मोजला की टी-शर्टच मिळतो, सॉफ्टवेअर सुधारत नाही. मी ५० मोजले, मला ५० मिळाले.

निष्कर्ष

चुरस वाईट नाही. चुरस नसती तर आमच्या दोन्ही क्लबांनी शनिवारी झोपाच काढल्या असत्या. पण आपण काय मोजतो, त्यावर ती कुठे नेते ते ठरतं.

नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघांनी मिळून सगळ्या मुलांना विचारलं की तुम्ही अजून लिनक्स वापरताय का. आमच्या ५० पैकी १९ वापरत होते. त्यांच्या ५१ पैकी २२. बाकीच्यांपैकी बरेच जण पहिल्या आठवड्यातच प्रिंटर चालत नाही, वाय-फाय सापडत नाही म्हणून विंडोजवर परत गेले होते. त्यांना विचारायला कोणी गेलंच नव्हतं. आम्ही पुढच्या खुर्चीवर बसलेला माणूस मोजत होतो, उठून गेलेला नाही.

आता मेसच्या बोर्डावर दोन नवे रकाने आहेत. 'महिन्यानंतरही चालू' आणि 'बॅकअप घेतले'. क्लब अजून दोनच आहेत, एक होणार नाहीत. ग्नोम की केडीई हा वाद काल रात्रीसुद्धा झाला. फक्त आता त्यांची लॅब आणि आमची लॅब यांच्यामधलं दार उघडं असतं, आणि आमच्याकडे अडलेलं मशीन सरळ तिकडे जातं.

आणि हो, ते पोस्टर कोल्हापूरने काढलंच नव्हतं. वाऱ्याने पडलं होतं.

खबरदारी

१. कोणाच्याही मशीनला हात लावण्याआधी बॅकअप. तो त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या ड्राइव्हवर घेतला तर तो बॅकअप नव्हे.

२. सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत असंच धरून चाला. खात्री इन्स्टॉलरच्या स्क्रीनवर करा, आठवणीवर नाही.

३. नव्या विंडोज लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असू शकतो. बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप दुकानात चालू करून घेतला असेल तर खातं कोणाच्या ईमेलवर आहे तेही बघा.

४. आधी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते तिथेच कळतं.

५. चूक झालीच तर मशीन लगेच बंद. आधी प्रत, मग शोध. सापडलेल्या फाइल त्याच डिस्कवर कधीही साठवू नका.

६. आम्हाला २१२ फाइल मिळाल्या कारण ती जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती. एसएसडीमध्ये ट्रिम नावाची सोय रिकामी झालेली जागा आतून साफ करून टाकते. तिथे बहुधा काहीच हाती लागत नाही.

७. मालकाला विचारा, 'यात काय आहे?' हा प्रश्न कोणत्याच मॅन्युअलमध्ये नाही. तो विचारायला अर्धा मिनिट लागतो.

८. समोरच्या क्लबचं दार पहिल्याच खेपेला वाजवा. जिना दोनदा चढायची गरज नाही.